पाच किलोला सव्वाशे

डिसेंबरातला रविवार. मेन स्ट्रीटवर
पोलिसांनी आडवे बांबू टाकलेत,
आणि एरवी जिथे रिक्षावाला माझ्या पायावरून चाक नेतो
तिथे आज सतरंजी. सतरंजीवर सोडा-सायफन,
रेसकोर्सची दुर्बीण, एका डोळ्याने आंधळी,
आणि कुणाच्या तरी लग्नाचा फोटो.
नवरी अजून हसतेय. चौकट शंभरला,
फोटो फुकट.

मी काही घ्यायला आलो नव्हतो.
सून म्हणाली, बाबा, जरा चालून या.
मफलर गुंडाळला, आलो.

तनाझ नावाच्या मुलीच्या टेबलावर पुठ्ठा होता:
हात लावा, पण विचारून.
(पुण्यात एवढी सवलत म्हणजे पुष्कळच.)
मी विचारलं नाही.
एकतीस वर्षं ज्याने दुकानादुकानातली वजनं
न विचारता उचलली, त्याचा हात
त्याच्या आधीच पुढे जातो.

लोखंडी, षटकोनी, पाच किलोचं.
मी ते उपडं केलं. माणूस तोंडाकडून बघावा,
वजन बुडाकडून:
तिथे एक भोक असतं, भोकात शिसं,
शिशावर सरकारचा शिक्का, तिमाहीचं अक्षर,
सालाचे दोन आकडे, निरीक्षकाचा नंबर.
चष्मा पुसला. पुन्हा पाहिलं.
नंबर माझा.

"विंटेज आहे, अंकल," तनाझ म्हणाली,
"लोक दाराला लावायला नेतात."

सत्त्याऐंशी, तिसरी तिमाही.
भोपळे चौकामागे कनकम्मा नायडूची कोळशाची वखार.
नवरा चैत्रात गेलेला. ती काट्यामागे उभी,
पदर नाकाला, नखं जन्मभरासाठी काळी.
एका पारड्यात मी माझं प्रमाण वजन ठेवलं,
दुसऱ्यात तिचं,
आणि तिचं वर गेलं.
सव्वाशे ग्रॅम.
शिसं कुणीतरी कोरून काढलं होतं,
नवऱ्याने, की त्याच्याही आधी कुणी,
तिला ठाऊक नव्हतं.
किंवा होतं.

तिने चहा मागवला नाही. पाकीट तर नाहीच.
रडली असती तर मी केस केली असती.
तिने फक्त हलता काटा बोटांनी धरला,
तापलेल्या पोराचं कपाळ धरावं तसा.
मी हातोडी काढली,
उरल्या शिशावर शिक्का ठोकला.
सायकलवर बसताना स्वतःला म्हटलं, पुढच्या खेपेला बघू.
पुढच्या खेपेला तिथे झेरॉक्सचं दुकान होतं.

हिशेब किती वेळा केला.
पाच किलोला सव्वाशे, दिवसाला चाळीस गिऱ्हाइकं,
थंडीत जास्त.
कॅम्पातल्या किती शेगड्या
माझ्यामुळे जरा आधी विझल्या,
कुणाचा भात अर्धकच्चा उतरला.
निरोपसमारंभात साहेब म्हणाले,
हा माणूस म्हणजे काट्याची सुई.
टाळ्या चालू होत्या
आणि मी हातातल्या पेढ्यांच्या पुड्याचं
वजन करत होतो.

"हे कमी भरतं," मी तनाझला सांगितलं.
"सव्वाशे ग्रॅमने."
इतक्या वर्षांत पहिल्यांदा तोंडातून निघालं,
तेही भर रस्त्यात, एका पोरीपुढे,
शेजारी कुणीतरी ग्रामोफोनला किल्ली देत असताना.
ती थांबली. मग डोळे चमकले.
"म्हणजे रेअर?"
आणि चिठ्ठीवरचे आठशे खोडून
बाराशे केले.

मी घासाघीस केली नाही.
माझ्या आयुष्यातली ही पहिलीच खरेदी
जिच्यात मला कमी मिळतंय हे ठाऊक असून
मी पूर्ण पैसे मोजले.
तिने ते वजन कापडी पिशवीत घातलं,
पिशवीला गाठ मारली, वर म्हणाली,
"जड आहे हं, अंकल."

भोपळे चौक येईपर्यंत
तीनदा हात बदलला.